जोगला पाणी नसतं म्हणून

मंगळवार, १४ ऑक्टोबर. सकाळी ९ वाजून १० मिनिटं.

मी काकांची व्हीलचेअर कन्फर्म करण्यासाठी एअरलाइनच्या होल्डवर होतो. काका जाऊन तेव्हा दीड तास झाला होता.

नितीनदादाचा, म्हणजे त्यांच्या मुलाचा, फोन दोनदा आला. मी दोन्ही वेळा कट केला. चाळीस मिनिटं होल्डवर होतो, नंबर गेला असता.

९ वाजून २५ मिनिटांनी व्हीलचेअर झाली. मग मी दादाला उलट फोन केला.

"बाबा गेले रे. झोपेतच."

मी म्हणालो, "दादा, त्यांची व्हीलचेअर कन्फर्म झाली."

हेच म्हणालो. दादा "थँक्स" म्हणाला.

काका माझे नात्याने कोणी नव्हते. जर्सी सिटीतल्या ज्या इंडियन ग्रोसरीत मी काउंटरवर असतो, तिथे ते रोज अकरा वाजता यायचे. घ्यायचं काही नसायचं. एखादी कोथिंबिरीची जुडी घ्यायचे, म्हणजे येणं अधिकृत.

मला "मास्तर" म्हणायचे. दुकानातल्या पाट्यांवरची स्पेलिंगं मी दुरुस्त करतो म्हणून. माझा डिप्लोमा दुसऱ्या वर्षाला सुटला. तेव्हापासून मी काहीही लिहिलं की दोनदा तपासतो.

काका कोल्हापूरच्या एस.टी. स्टँडवर कंट्रोलर होते. तीस वर्षं माइकवर गाड्या पुकारल्या. हुबळी, विजापूर, बदामी, गोकर्ण.

"आणि तुम्ही कितीदा गेलात?" मी एकदा विचारलं.

"कुठं?"

"यांतल्या कुठेही."

"लगा, गाडी सोडणारा गाडीत बसतोय होय? आणि बदामी काय, पाच-सहा तासांवर. म्हटलं, जाऊ की कधीबी."

त्यावर त्या दिवशी सोबत आलेल्या काकू म्हणाल्या, "कधीबी म्हणत म्हणत अमेरिकेला आलो बघ."

तेव्हा ठरलं. काका, काकू आणि मी. बदामी, ऐहोळे, पट्टदकल, हंपी, शेवटी जोगचा धबधबा. दादाला रजा नव्हती, म्हणून सोबतीला मी. त्याची अट एकच होती: प्लॅनिंग नीट पाहिजे.

ते मला येतं.

मी शीट बनवली. बदामीच्या लेण्यांना पायऱ्या किती, काका कुठे बसतील, बाथरूम कुठे, सगळं. प्रत्येक दिवसासमोर "काका – आराम" असा एक रकाना.

काका फेब्रुवारीत निघायचं म्हणत होते. डॉक्टरांनीही हो म्हटलं होतं.

मी म्हणालो, "फेब्रुवारीत जोगला पाणी नसतं."

मग ऑगस्ट. जोग भरलेला, पण पावसात लेण्यांच्या पायऱ्या निसरड्या. काकांचा गुडघा. नको.

ऑक्टोबरात दिवाळीमुळे तिकिटं महाग. नको.

एकूण अकरा व्हर्जन्स झाली.

"मास्तर, टूर काढायलायस का पंचांग?"

"काका, एकदाच जाणार आपण. नीट जाऊ."

"आरं, धबधबा बारीक असला तर बारीक बघू. आम्ही कुठं मोजायला चाललोय?"

मी ऐकलं नाही. पंधरा नोव्हेंबर काढली. हंपीला ऊन कमी, पायऱ्या कोरड्या, जोगला थोडं तरी पाणी. सगळं बसत होतं.

त्यांना सगळ्यात जास्त बघायचा होता तो हंपीचा दगडी रथ. फोटो दाखवला तेव्हा चष्मा वर करून बराच वेळ बघत राहिले.

"ह्याची चाकं फिरत नाहीत म्हणे?"

"नाही."

"मग ही आमच्याच डेपोची गाडी की रे."

काउंटरवरची सगळी लाइन हसली. त्यातले अर्धे गुजराती होते.

ते गेले त्या दिवशी मी शिफ्ट पूर्ण केली. दिवाळीची गर्दी होती. अकरा वाजता कोथिंबिरीची एक जुडी बाजूला काढून ठेवली. नंतर लक्षात आलं आणि परत रॅकवर ठेवली.

मला अजून रडू आलेलं नाही. यायला हवं हे माहीत आहे.

काल तेरावा झाला. मी कोपऱ्यात बसलो होतो. काकूंनी हाक मारली.

"तुझा तो कागद आहे का रे?"

मला वाटलं, तिकिटं कॅन्सल करायची असतील. मी रिफंडचे नियम सांगायला लागलो.

"ते राहू दे. त्यात नद्या कुठं कुठं आहेत, तेवढं सांग."

मी फोनवर शीट उघडली. पट्टदकलला मलप्रभा. हंपीला तुंगभद्रा. जोगला शरावती.

दादा म्हणाला, "आई, अस्थी कोल्हापूरला नेऊ ना. पंचगंगेत. आपले सगळे तिथेच."

"पंचगंगेत नको," काकू म्हणाल्या. "तिथं जन्मभर उभेच होते. दुसऱ्यांच्या गाड्या सोडत."

काकूंनी माझ्या फोनवरच्या शीटवर बोट ठेवलं.

"हंपीला नेऊ. रथ दाखवू. मग तुंगभद्रा." त्या माझ्याकडे बघत होत्या. "चालतंय न्हवं, मास्तर?"

नदीला त्या आठवड्यात पाणी किती असेल, घाट कोणता, कोणाची परवानगी लागते, हे सगळं माझ्या ओठांवर आलं होतं.

मी फक्त "हो काकू" म्हणालो.

दादाने स्वतःचं तिकीट काढलं आहे. आता रजा मिळाली.

रात्री शीट दुरुस्त करायला बसलो. बारावं व्हर्जन. "काका – आराम" हा रकाना डिलीट करायचा होता. केला नाही. तसाच ठेवला आहे.

काका, तुम्ही फेब्रुवारी म्हणाला होतात. तुमचं बरोबर होतं.

पंधरा नोव्हेंबर आता बदलणार नाही. पाणी असो, नसो.

तुम्हाला माझा शेवटचा नमस्कार.