अहो, जरा थांबा

काजवाल्या मावशींनी जन्मभर दोनच कामं इमानेइतबारे केली. एक, शर्टांना काजं-बटणं करणं आणि दुसरं, नवऱ्याच्या मागून चालणं. दुकानात ते मशीनवर, या मागच्या खोलीत. रस्त्यावर मात्र गृहस्थ झपाझप पुढे आणि मागून मावशींची ठरलेली हाक, "अहो, जरा थांबा ना!" ते थांबायचे, पण वळून बघतील तर शपथ! या जवळ आल्या की पुन्हा चालू पडायचे. डोंगरापलीकडच्या देवळाची लांबची पायी यात्रा म्हातारपणी दोघांनी करायची ठरली होती. यात्रेच्या आधीच ते कायमचे पुढे निघून गेले.

"आई, एकटी कशी राहशील? आमच्याकडे चल," मुलानं धोशा लावला.

मावशी हट्टाला पेटल्या. "यात्रा एकटीनं पुरी केली, तर हा विषय पुन्हा काढायचा नाही."

"कबूल. पण मधूनच फोन केलास, तर गाडी थेट आमच्या दारात!" मुलगा हसत म्हणाला. आई रस्तासुद्धा एकटीनं ओलांडत नाही, हे त्याला ठाऊक होतं.

वाटेनं पहिला धडा टाचेला दिला: नवे बूट घालून मोठ्या प्रवासाला निघू नये. दुसरा धडा फाट्यावर मिळाला. डावीकडे की उजवीकडे, ते मावशींना कळेना. रस्ता त्यांनी कधी पाहिलाच नव्हता, पाहिली होती ती नवऱ्याची पाठ. मागून कुणी येईपर्यंत त्या तिथेच उभ्या राहिल्या. मुक्कामाच्या ठिकाणी बायका विचारायच्या, "कुणाबरोबर आलात?" "एकटीच," म्हटलं की बायका चुकचुकायच्या आणि आपापल्या घोळक्यात वळायच्या. मग मावशी पायाच्या फोडांशी बोलत बसायच्या.

चढाला लागल्यावर पुढे एक माणूस दिसला. डाव्या खांद्यावर पिशवी, तीच झपाझप चाल. मावशींच्या तोंडून निघून गेलं, "अहो, जरा थांबा ना!"

तो थांबला. आणि वळला.

भलताच चेहरा. "मला हाक मारलीत का, ताई?"

मावशी शरमेनं अर्धमेल्या झाल्या. कुणाही परक्याला 'अहो' म्हणतातच की! पण आपण कोणाला म्हटलं, ते त्यांचं त्यांना माहीत होतं. त्या दगडावर बसल्या आणि इतके दिवस आवरलेलं रडू ढसाढसा रडल्या.

तो बिचारा गांगरला. खिशातून फोन काढून म्हणाला, "घरी कुणाला कळवू का? नंबर सांगा."

नंबर तोंडपाठ होता. जिभेवर आलासुद्धा. चढ अजून अर्धा बाकी होता.

"नको," मावशी डोळे पुसत म्हणाल्या. "तुम्ही व्हा पुढे."

तो वळणाआड दिसेनासा झाला, तशा त्या उठल्या. आता समोर नुसती वाट होती. तिच्याकडे बघत बघत त्या चढल्या.

यात्रा संपवून देवळाच्या पायरीवरून त्यांनी मुलाला फोन लावला.

"जिंकलीस बाई!" तो म्हणाला. "आता हा विषय बंद. तुझ्या घरी सोडायला येऊ ना?"

"ये," मावशी म्हणाल्या. "पण सोडून लगेच पळू नकोस रे. जेवून जा."