काकीच्या एकादशीचा कंद

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे, तर माझ्या काकीचे. ती माझ्या वडिलांच्या मोठ्या भावाची बायको. तिला स्वतःचं मूल नाही. आमच्या घरात माझ्याआधी दहावीच्या पुढे कोणी गेलं नव्हतं, आणि माझी बारावी झाली तेव्हा वडील मला काजूच्या बागेत घेणार होते. स्वयंपाकघरातून काकी म्हणाली, "ह्येका शिकांदे. काजी ह्येच्याबिगर पण धरतले." ती एवढंच बोलली, आणि ते पुरलं. मी मालवणला कॉलेजात जायला लागलो, त्या महिन्यात तिने माझ्या शिक्षणासाठी एकादशी धरली. मी बी.एस्सी. झालो, ओरोसला सरकारी नोकरीला लागलो, तरी तिने ती सोडली नाही. आपली एकही एकादशी मोडलेली नाही, याचा तिला जेवढा अभिमान आहे तेवढा मला माझ्या पदवीचाही नाही.

आमच्या कार्यालयात माझ्या शेजारच्या टेबलावर एक सहकारी बसतो. त्याचे वडील केरळातून दोडामार्गाकडे रबराची लागवड करायला आले आणि तिथलेच झाले. तो मालवणी माझ्याहून झकास बोलतो. एकदा दुपारी त्याच्या डब्यात उकडलेले पांढरे तुकडे आणि हिरव्या मिरचीची चटणी होती.

"रताळां काय रे?" मी विचारलं.

"रताळां खंयची? कप्पा आसा ह्यो. तुमी उपासाक रोज खातास, नि समोर इलो तर वळख दाखयनास नाय."

कप्पा म्हणजे कसावा, आणि आपला साबुदाणा याच कंदाच्या सत्त्वाचा करतात, हे मला त्या दिवशी कळलं. वनस्पतिशास्त्र घेऊन पदवी मिळवलेल्या माणसाने हे सांगावं की नाही कोण जाणे, पण साबुदाणा कुठल्या झाडाला लागतो हा प्रश्न मला तोवर पडलाच नव्हता. तुकडा तोंडात घातला. बटाट्यापेक्षा घट्ट, जरा चिकट, आणि मागाहून हलकी गोडी. मी इतके प्रश्न विचारले, की मे महिन्यात गावाहून येताना त्याने एक कंद आणि झाडाच्या हातभर काठ्या मला आणून दिल्या. त्या मी तशाच काकीच्या हवाली केल्या.

काकीला कंद शिकवायला नकोत. कणगी, करांदे, सुरण सगळं ती परसात करते, आणि या सगळ्यांचा कंदच मातीत घालतात. तिने माझ्या कंदासाठी ऐसपैस वाफा केला, राख घातली, शेण घातलं आणि कंद पुरला. काठ्या सरळ होत्या, म्हणून त्या दोडक्याच्या वेलाला आधार म्हणून रोवल्या. मी गणपतीला घरी गेलो तेव्हा ती मला हाताला धरून परसात घेऊन गेली.

"तुझो कंद कुसान गेलो. पण ह्या काठयेंका काय झालां ता बग! दोडकीक आधार दिल्लंय, नि हेच दोडकीच्या डोक्यार चढले."

काठ्यांना हाताच्या पंजासारखी पानं फुटून झाडं माझ्या डोक्यापर्यंत पोचली होती. मी सहकाऱ्याला फोन केला. तो इतका हसला, की काकीलाही ऐकू आलं. तिला ऐकू कमी येतं, यावरून तो किती हसला ते समजावं. या झाडाची काठीच लावायची असते. तिने वाफा केला कंदाला आणि पीक आलं दोडक्याच्या आधाराला.

माघात आम्ही दोघांनी झाडं उपटली. बुंधा हलवून ओढला तशी माती फुगली आणि तपकिरी सालीचे लांबट कंद सगळ्या बाजूंनी एकदम वर आले. नखाने साल खरवडली तर आत गुलाबी, त्याच्या आत पांढराशुभ्र. कच्चा खायचा नाही, साल जाड काढायची, भरपूर पाण्यात शिजवायचा आणि ते पाणी फेकायचं, हे मी तिला बजावून सांगितलं.

"म्हणजे ईख आसा ह्यात? नि माका खावक घालतंस, मेल्या?"

"करांदे पण कडू असतत मा? ते उकडून खातंसच तू."

हे तिला पटलं. दुसऱ्या दिवशी एकादशी होती. तिने विचारलं, "हो उपासाक चलता काय रे झिला?" मी क्षणभरही थांबलो नाही. म्हटलं, साबुदाणा याचाच करतात, म्हणजे चालणारच. तिने ओलं खोबरं, मिरची आणि मीठ घालून पोटभर खाल्लं. "खिचडयेपेक्षा बरो," म्हणाली.

दुपारी दगडी गडग्यापलीकडची शेजारीण आली. ती काकीच्याच वयाची.

"काय गो ह्यां? पानां बगलंस? एरंडाच्या वंशाचां दिसता. कोणी सांगल्यान तुका चलता म्हणान?"

"झिलान."

"शिकलोल्यांका सगळाच चलता, बाये. उपास तुझो मोडलो."

पानांचं तिचं निरीक्षण बरोबर होतं. एरंड आणि कसावा एकाच कुळातले. पण ते कबूल करायची ती वेळ नव्हती. रात्री काकी म्हणाली, "देवाक इचारूया."

आमच्याकडे असं काही अडलं की ग्रामदैवताला कौल लावतात. गुरव देवाच्या पाषाणावर दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवी पाकळी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. बारशीला सकाळी आम्ही देवळात गेलो. काकीने पिशवीतून एक कंद काढून देवासमोर ठेवला. कट्ट्यावरचे चारपाच जण उठून आत आले.

गुरवाने सुरुवात केली, "बा देवा म्हाराजा, तुझ्या ह्या लेकरान एकादशी दिसा काठयेचो कंद खाल्ल्यान हा..."

"व्हय म्हाराजा!" मागच्यांनी साथ दिली.

"तिच्या हातसून काय चुकला आसात तर..."

"चुकला म्हणा नको," काकी मध्येच म्हणाली. "चुकला काय नाय, ह्यांच तर इचारूचा आसा."

गुरवाने शब्द बदलले. आम्ही पाकळ्यांकडे बघत राहिलो आणि दोन्ही पाकळ्या एकदमच खाली आल्या.

"देवान पण पयल्यांदाच बगल्यान हा ह्यो कंद," मागून कोणीतरी म्हणालं. गुरवाने पाकळ्या पुन्हा लावल्या. या वेळी एकही हलेना. बाहेर एक नवस फेडायला आलेली माणसं खोळंबली होती, तेव्हा गुरव म्हणाला, "काकी, आज देव बोलणा नाय. परत कदी तरी येवा."

सगळे हसत बाहेर पडले. काकी हसली नाही. पायवाटेवर तिने मला विचारलं, "साबुदाणो आणि हो एकच, ह्यां तू खरां सांगलंस मा?"

"खरां."

"मगे देव सांगी पर्यंत दोनय नको."

माझ्या ज्ञानाने तिच्या ताटातली खिचडीही गेली. पुढच्या एकादशीला ती दिवसभर कोऱ्या चहावर राहिली, आणि संध्याकाळी विहिरीवर पाण्याला गेली ती तिथेच, बावीकडे, घेरी येऊन बसली. शेजारणीनेच तिला धरून घरी आणलं आणि मला फोन केला.

मी ओरोसच्या खोलीत त्या कंदामागे लागलो. सहकाऱ्याकडून एक ताजा कंद आणला, किसला, फडक्यात बांधून पाण्यात पिळला. भांड्याच्या तळाशी पांढरा थर बसला, बोट लावलं तर करकरणारा. त्यावर आयोडिनचा थेंब टाकला तो निळाजांभळा झाला. बाजारच्या साबुदाण्यावर टाकला, तोही तसाच. ओल्या सत्त्वाचे फडक्यावर दाणे वळायला गेलो तर त्याचे गोळेच झाले. मग वाचायला बसलो. हा कंद समुद्रापलीकडच्या खंडातून पोर्तुगीज जहाजांबरोबर इकडे आला. वाचता वाचता दिसलं, की मिरची, बटाटा, रताळं आणि भुईमूगही त्याच खंडातले. मला हरखून जावंसं वाटत होतं, आणि भीतीही वाटत होती. हे काकीला सांगितलं तर ती या चारही गोष्टी सोडणार. आणि तिच्याशी खोटं बोलणं मला कधी जमलेलं नाही.

फोनवर ती सगळ्याला "हां हां" म्हणून फोन ठेवते. पत्र मात्र ती घरापुढच्या खळ्यात बसून मोठ्याने वाचते. म्हणून पत्र लिहिलं.

"काकी, पाया पडतो.

मी इथे कंद किसून त्याचं सत्त्व काढलं. साबुदाणा त्याचाच होतो, याची आता मी स्वतः खात्री केली आहे. तो आपल्या देशातला नव्हे, बाहेरून आलेला आहे. बटाटा, रताळं, मिरची, शेंगदाणेही बाहेरूनच आले. हे तुझ्यापासून लपवावं असं वाटलं होतं, पण तू मला शिकवलंस ते लपवण्यासाठी नव्हे.

या गोष्टी कधीतरी पहिल्यांदा आपल्या घरांत आल्या असतील. त्या एकादशीला चालतात की नाही, हे तेव्हाही कोणाला ठाऊक नसणार. चुलीपुढे बसलेल्या कोणा बाईनेच ते ठरवलं असेल. तिने देवाला विचारलं होतं का, ते मला कळायला मार्ग नाही.

तुझा उपास मोडला की नाही, हे मी सांगू शकत नाही. पण तू उपाशीपोटी बावीकडे बसलीस, हे मला सोसवत नाही. मी गुरवांशी बोललो. घरातल्या माणसाला आपला उपास देता येतो, देवासमोर सांगितलं की झालं, असं ते म्हणाले. ज्याच्यासाठी तू एकादशी धरलीस त्याचं शिक्षण पुरं झालं, नोकरीही लागली. आता ती मला दे. मी साबुदाणा खाईन की नुसत्या केळ्यांवर राहीन, हे मी आणि देव बघून घेऊ.

मी रविवारी येतो. देशील की नाही ते तेव्हा सांग. लगेच नाही म्हणू नको. पण त्याआधी बुधवारी एकादशी येते. ती मी इथे धरणारच आहे, तू दे किंवा नको देऊ. तेव्हा बुधवारी तू सकाळी पेज घे, वर जरा तूप घाल, आणि उन्हं चढायच्या आत पाणी आणून ठेव."