धूर नसलेला फोटो

न्यूझीलंडमधल्या आमच्या रोटोटुनाच्या घरात पुढच्या दारापासून स्वयंपाकघरापर्यंत एक लांबट बोळ आहे. त्याच्या भिंतीवर मी काढलेले अकरा फोटो लावले आहेत, सगळे वाफेच्या इंजिनांचे. आठ वर्षांत काढलेल्या हजारोंमधून निवडलेले आणि चांगल्या फ्रेमा करून घेतलेले. घरी येणारा प्रत्येक मराठी माणूस जॅकेट काढता काढता विचारतो, "अरे वा, हे तू काढलेस?" मी म्हणतो, "हो, असंच आपलं." असंच आपलं काही नसतं. एकेका फोटोसाठी मी गुडघाभर चिखलात तासन्‌तास उभा राहिलो आहे, आणि ते कोणीतरी विचारावं अशी माझी फार इच्छा असते.

माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, गेल्या वर्षी मे महिन्यात चार महिन्यांसाठी आमच्याकडे आले. भुसावळच्या लोको शेडमध्ये ते फायरमन म्हणून लागले आणि ड्रायव्हर म्हणून निवृत्त झाले. त्यांची ऐन तारुण्यातली वर्षं वाफेच्या इंजिनावर, भट्टीच्या तोंडाशी कोळसा मारण्यात गेली. त्यामुळे हा नाद मला कुठून लागला हे वेगळं सांगायला नको. आल्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी ते चहाचा कप घेऊन बोळात गेले, पेपर वाचायचं भिंग खिशातून काढलं आणि एकेका फोटोसमोर उभे राहू लागले. मी स्वयंपाकघरात ओट्याशी उभा राहून, काही ऐकू येतंय का म्हणून कान टवकारले होते.

अकरावा फोटो बघून झाल्यावर ते म्हणाले, "हा फायरमन कोण आहे रे?"

"का?"

"त्याला घरी बसवा."

टेबलाशी नाश्ता करणारी माझी मुलगी फिस्सकन हसली. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत येतं. "आजोबा, यू आर सॅव्हेज," ती म्हणाली.

अण्णांनी मला बोळात बोलावलं आणि भिंगाच्या दांड्याने एकेक फोटो दाखवला. प्रत्येक फोटोत चिमणीतून काळाकुट्ट धूर आभाळात चढलेला होता. मला त्याचाच अभिमान होता. "काळा धूर म्हणजे न जळलेला कोळसा," अण्णा म्हणाले. "एकदम ढीग ओतला की असा धूर येतो. कोळसा सरकारचा असेल, पण तो उचलणारा हात माझा होता ना? गाडी स्टेशनाबाहेरच्या आउटर सिग्नलला आली आणि काळा धूर दिसला, की आमचा फोरमन शेडच्या बाहेर येऊन उभा राहायचा. मग सगळ्यांसमोर काढायची ती शोभा काढायचा. तू ते भिंतीवर लावलंयस."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी तसा चिडकाच आहे. दिवसभर फार्मसीत काउंटरमागे शांतपणे लोकांना गोळ्यांच्या वेळा समजावतो, तो संयम घरी येईपर्यंत संपलेला असतो. मी म्हणालो, "म्हणजे यातला एकही फोटो तुम्ही भुसावळला नेणार नाही?"

"एकही नाही," अण्णा म्हणाले आणि उरलेला चहा संपवायला बसले.

त्याच क्षणी मी ठरवलं, की अण्णा परत जायच्या आत असा एक तरी फोटो काढायचा, जो ते स्वतःहून बॅगेत घालतील. ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. पुन्हा इतका लांबचा प्रवास त्यांना झेपेल असं ना त्यांना वाटत होतं, ना मला.

माझ्या या नादाला दोन बाजू आहेत. एक फोटोंची आणि दुसरी पुस्तकांची. इथल्या जुन्या वस्तूंच्या दुकानांत ब्रिटिश रेल्वेच्या इतिहासाची जाडजूड पुस्तकं स्वस्तात मिळतात. ती मी गोळा करतो, वाचतो आणि जेवायला आलेल्या पाहुण्यांना ऐकवतो. इंग्रजांनी स्वतःच्या घरी रुळांमध्ये एक अंतर ठेवलं, आपल्याकडे त्याहून रुंद, आणि इथे न्यूझीलंडला डोंगर फार म्हणून सगळ्यांत अरुंद. हे सांगताना मी टेबलावर चमचे मांडून दाखवतो. माझी बायको तेव्हा उठून भांडी आवरायला लागते. अण्णांनाही मी ते ऐकवलं. ते म्हणाले, "बरं." एवढंच.

जूनमध्ये, म्हणजे इथल्या थंडीत, मी त्यांना फोटोच्या दिवसाला घेऊन गेलो. पुकेकोहेच्या बाजूला, आमच्यापासून तासाभरावर, एक जुनी लाइन हौशी मंडळींनी जपून ठेवली आहे. ग्लासगोला बांधलेलं इंजिन आहे, दर आठवड्याला ते गाडी ओढतं, आणि थंडीतले काही दिवस आम्हा फोटोवाल्यांसाठी राखून ठेवतात. आम्ही सात-आठ जण कुंपणापाशी ट्रायपॉड लावून उभे राहतो. गाडी मागे वळणाआड जाते आणि पुन्हा जोरात आमच्या समोरून येते. मग परत मागे जाते आणि परत येते.

इंजिन दिसताच अण्णा त्याच्याजवळ गेले. मग बाजूला जाऊन त्यांनी त्याच्यावरची पितळी पाटी वाचली. "ग्लासगो," ते म्हणाले. "माझ्या पहिल्या इंजिनावर हेच होतं. ती पाटी मी रोज पुसायचो." त्यांनी बाहीने ती पाटी पुसली. मला वाटलं, काम झालं.

तेवढ्यात आमच्यातला एक जण, ज्याची लेन्स त्याच्या हातापेक्षा लांब आहे, ओरडला, "हीप्स ऑफ स्मोक, प्लीज, मेट." फायरमनने केबिनमधून अंगठा दाखवला. गाडी वळणाआड गेली आणि परत आली ती आभाळ काळं करतच. सगळ्यांचे कॅमेरे खडखडले. माझाही. मी मागे वळून बघितलं तर अण्णा मान खाली घालून उभे होते. घरातलं कोणी चारचौघांत अचरटपणा करावा आणि आपण लाजावं, तसं.

गाडी थांबली तेव्हा ते तडक इंजिनाकडे निघाले. मी मागून धावलो. फायरमन सत्तरीचा होता. आयुष्यभर गाई पाळून निवृत्त झालेला आणि आता शनिवार-रविवार फुकट कोळसा मारणारा. "किया ओरा," त्याने इथला माओरी नमस्कार केला. अण्णांनी चिमणीकडे बोट केलं, मग त्याच्याकडे, आणि मान डावी-उजवीकडे हलवली. मी खजील होऊन सांगितलं, की माझे वडील भारतात फायरमन होते आणि त्यांना हा धूर पसंत नाही.

तो माणूस रागावेल असं मला वाटलं होतं. त्याने टोपी काढली. "युअर डॅड्स राइट," तो म्हणाला. "असा धूर काढताना मला दर वेळी लाज वाटते. पण तुम्ही लोक मागता. म्हणून मी भट्टीत ढीग ओततो, आणि मग अर्धा तास ती निस्तरत बसतो."

हे मराठीत अण्णांना सांगायची पाळी माझ्यावर आली. मी सांगितलं. अण्णांनी ऐकून घेतलं, वर हात करून त्याच्याशी हस्तांदोलन केलं, आणि परत येताना मला म्हणाले, "चांगला माणूस आहे. तुम्ही बिघडवलाय."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. दुपारी मी पुस्तकांच्या कपाटासमोर बसलो. खरं सांगायचं तर अण्णांना खोडून काढायलाच बसलो होतो. धूर हेच रेल्वेचं वैभव असं कोणीतरी कुठेतरी लिहिलं असणारच, असं वाटत होतं. लिव्हरपूल ते मँचेस्टर ही लाइन उघडायच्या आधी इंग्लंडात इंजिनांची एक स्पर्धा झाली होती. त्यात बापलेकांनी बांधलेलं 'रॉकेट' जिंकलं. ही गोष्ट मी जेवणाच्या टेबलावर पन्नास वेळा सांगितली असेल. त्या स्पर्धेच्या अटींचं पान मी उघडलं. इतकी वर्षं मी ते वजनाचे आणि वेगाचे आकडे बघण्यासाठी उघडत होतो. पहिल्या अटीवरून माझी नजर दर वेळी तशीच घसरून गेली होती. इंजिनाने आपला धूर आपणच खाऊन टाकला पाहिजे, असं तिथे स्पष्ट लिहिलं होतं. सगळ्या अटींच्या आधी.

आठ वर्षं मी इतिहासाच्या नावाने ज्याचे फोटो काढत होतो, ते त्या इतिहासाच्या पहिल्याच अटीत नापास झालं असतं. मग उठून अण्णांना सांगितलं. ते बाल्कनीत उन्हाला बसून वाटाणे सोलत होते.

"मग?" ते म्हणाले. "हे कळायला पुस्तक लागतं?"

पुढचा फोटोचा दिवस ऑगस्टच्या शेवटी होता, अण्णांच्या विमानाच्या दोन आठवडे आधी. त्यानंतर काही नव्हतं. मला धूर नसलेली गाडी हवी होती आणि तीही सकाळची पहिलीच, कारण गवतावर दव गोठलेलं असेपर्यंतच वाफ पांढरीशुभ्र आणि दाट दिसते. ऊन तापलं की ती हवेत विरून जाते. पण पहिल्या फेरीचा उजेड सगळ्यांनाच हवा असतो.

मी सगळ्यांना कुंपणापाशी गोळा केलं आणि स्पर्धेच्या अटीची गोष्ट सांगितली. पुस्तकही बरोबर नेलं होतं. निम्म्या लोकांना पटल्यासारखं दिसलं. लांब लेन्सवाला म्हणाला, "नो स्मोक, नो पॉइंट." मी तावातावाने बोलायला लागलो, इंग्रजी अडखळायला लागलं, आणि आता डाळ शिजत नाही असं दिसत असताना केबिनमधून फायरमनचा आवाज आला. पहिली फेरी स्वच्छ जाईल, त्यानंतर हवा तर सगळा वायकाटो प्रांत काळा करून देतो, असं तो म्हणाला. मग त्याने अण्णांना हाक मारली. हाताच्या खुणेने वर बोलावलं.

रेल्वेवाल्यांची परवानगी त्याने आधीच काढून ठेवली होती. मला कोणी सांगितलं नव्हतं. अण्णांनाही नसावं, कारण त्यांनी आधी मागे वळून बघितलं. मग मफलर कानांवरून घट्ट बांधला, दांड्याला धरलं आणि एकेक पायरी चढून वर गेले. मी खाली जीव मुठीत धरून उभा होतो. फायरमनने त्यांच्या हातात फावडं दिलं. गाडी उभी असतानाच अण्णांनी चार वेळा कोळसा घातला, प्रत्येक वेळी थोडाच, वेगवेगळ्या कोपऱ्यांत पसरून. मग थांबले. बाहेर वाकून चिमणीकडे बघितलं. पुन्हा दोन वेळा घातला. फायरमन बाजूला हात बांधून उभा होता.

गाडी वळणाआड गेली. मी नेहमी उंचवट्यावरून, सगळा धूर मावेल असा फोटो काढतो. आता मावायला धूर नव्हता. मी ट्रायपॉड उचलला आणि धावत खाली, कुंपणाच्या शेवटच्या खांबापाशी गेलो. श्वास फुललेला, बोटं गारठलेली. शिटी झाली. हे चुकलं तर दुसरी संधी नाही, एवढंच डोक्यात होतं.

इंजिन आलं. चिमणीतून वाफ निघत होती, पांढरी, आणि सकाळचं तिरकं ऊन तिच्यातून आरपार येत होतं. धुराची सावली नसल्यामुळे ते ऊन थेट केबिनमध्ये पडलं होतं. तिथे अण्णा होते. एक कोपर कठड्यावर टेकवून ते बाहेर वाकले होते आणि कॅमेऱ्याकडे नाही, माझ्याकडे नाही, वर चिमणीकडे बघत होते. मी बटण दाबलं.

नंतर मी काय ओरडलो ते आठवत नाही, त्या दिवशी बरोबर आलेली मुलगी म्हणते, फार ओरडलास. लांब लेन्सवाल्याने माझ्या कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो बघितला. "बगर," त्याने इथली सौम्य शिवी हासडली. "दॅट्स हीप्स बेटर." आठ वर्षांत त्याच्याकडून ऐकलेलं हे पहिलं कौतुक होतं. पुढच्या फेरीलाही धूर नको, असं त्यानेच फायरमनला सांगितलं. माझी छाती इतकी फुगली होती की जॅकेटची चेन लागेना.

भुसावळच्या घरात अण्णांचा नोकरीतला एकच फोटो आहे, निवृत्तीच्या दिवशीचा, हार घातलेला, ऑफिसातल्या खुर्चीवर. इंजिनावरचा एकही नाही. शेडमध्ये कॅमेरा कोणाकडे असणार? मी इंजिनांचे हजारो फोटो काढले आणि हे मला कधी सुचलं नव्हतं, याची मला खरोखर शरम वाटली.

फोटो छापून आणला तेव्हा अण्णांनी तो खिडकीपाशी नेला आणि भिंग काढलं. भिंग आधी चिमणीवर गेलं. मग बॉयलरच्या वरच्या बाजूला. "जास्तीची वाफही सुटत नाहीये बघ," ते म्हणाले. "म्हणजे वाया काही गेलं नाही." मग त्यांनी भिंग खिशात ठेवलं.

"मग?" मी विचारलं.

"हा नेतो."

"तुम्ही आहात त्यात, म्हणून?"

"मी असो नाहीतर आणखी कोणी असो. चिमणी बघ."

जायच्या दिवशी त्यांनी नातेवाइकांसाठी घेतलेल्या मधाच्या बाटल्यांतल्या दोन काढून ठेवल्या आणि फ्रेम स्वतःच्या मफलरमध्ये गुंडाळून हातातल्या पिशवीत घातली. ऑकलंड विमानतळावर काउंटरवरच्या मुलीने पिशवीत काय आहे असं विचारलं. अण्णांनी मफलर सोडून फ्रेम तिच्यासमोर धरली.

तिने वाकून बघितलं. "इज दॅट यू, सर?"

मी हो म्हणणार होतो, पण अण्णांचं बोट आधीच काचेवर पोचलं होतं, स्वतःच्या चेहऱ्यावर नाही, वर, चिमणीच्या तोंडाशी.

"नो स्मोक," अण्णा तिला म्हणाले. मग माझ्याकडे बोट करून, "माय सन टेक."