ओल्या मोहाचा भाव

मला आमच्या भाऊंनी फसवलं. कंपनीने नाही, दलालाने नाही. माझ्याच कॉलेजातला, माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठा, चंद्रपूरचा माणूस. कित्येक वर्षांपासून डब्लिनमध्ये सॉफ्टवेअरचं काम करतो. हे आधी लिहून ठेवतो, नाहीतर लोक म्हणतील, हाच व्यवहारात कच्चा.

मी कच्चा नाही. धानोऱ्याच्या जंगलात आई मोहफुलं वेचायची आणि बाजारात व्यापाऱ्याशी भांडायचं काम माझ्याकडे होतं. व्यापारी मूठभर फुलं दाबून बघायचा, "ओला हाय" म्हणायचा आणि भाव पाडायचा. ताजा मोह वाळला की वजन निम्म्याच्याही खाली येतं. म्हणून आमच्याकडे भाव ऐकण्याआधी विचारतात, वाळलेला की ओला?

दोन वर्षांपूर्वी मार्कंड्याच्या जत्रेत, वैनगंगेच्या वाळूत बसून भाऊंनी मला त्यांच्या कंपनीत मिळू शकणाऱ्या पगाराचा आकडा सांगितला. मी विचारलं, "भाऊ, अन् राहाले घर?"

"घराचं काय टेन्शन घेऊन राह्यला? मिळून जाते. मी आहो ना."

त्या 'मी आहो ना'वर मी पुढे गेलो. भाव वाढावा म्हणून कंपनीला दोनदा नाही म्हणालो, तिसऱ्यांदा त्यांनी आकडा वाढवला. माझी छाती फुगली. बायको घुग्घुसची, तिचे वडील कोळसा खाणीत. तिने एवढंच विचारलं, "कापून-कुपून हातात किती पडते?"

"तुले भाव करता येते का?" मी खेकसलो.  तिचा तो प्रश्न मला अजून टोचतो.

डब्लिनला गेल्यावर पगार वाळायला लागला. आधी कर गेला. उरलेल्यातलं अर्ध्याहून जास्त दोन खोल्यांच्या घराला जाणार होतं, तेही मिळालं तर. एकेका घराच्या दारात बघायला आलेल्यांची रांग. त्यात मुलीच्या पाळणाघराचा खर्च. शेवटी मी चार अनोळखी माणसांबरोबर एका घरात राहिलो, आणि बायको-मुलगी घुग्घुसलाच राहिल्या. भाऊंचं तिथे स्वतःचं घर, फार आधी घेतलेलं. आणि मला आणल्याबद्दल कंपनीने त्यांना बक्षीस दिलं, हे मला जेवणाच्या सुट्टीत तिसऱ्याच माणसाकडून कळलं.

आता सुट्टीवर आलोय. सासऱ्यांच्या घरात बसवत नाही. मोटारसायकल काढतो, ट्रकांच्या धुळीतून चंद्रपूरपर्यंत जातो, भाऊंच्या गल्लीच्या तोंडाशी थांबतो, परत येतो. तेही सुट्टीवर आलेत. चौथ्या दिवशी आत गेलो.

"खोटं काय बोललो मी? आकडा खरा होता का नाई?" ते म्हणाले.

"खरा होता, भाऊ. ओला होता."

त्यांना बरोबर कळलं. त्यांच्याही अंगणात मोह वाळायचा.

"तू नीट विचारलं नाई."

"विचारलं. वाळूत बसून विचारलं. तुमाले भाडं माहीत नव्हतं, तर माहीत नाई म्हनाचं होतं. बक्षीस मात्र बरोबर माहीत होतं."

"जरा हळू बोल. चहा घे, थंडा होऊन राह्यला."

मी घेतला नाही.

नऊ दिवसांनी परत जायचंय. तिकीट एकाचंच आहे. नोकरी सोडावी तर इथली जुनी जागा केव्हाच भरली, तिथे राहावं तर मुलगी मला फोनमध्येच बघत मोठी होणार. चार वर्षांची आहे. तिने आपले बूट पिशवीत भरून ठेवलेत, आणि रोज विचारते, "बाबा, माह्यं तिकीट कुठी हाय?"

मी उत्तर देणार नाही. भाऊ, घुग्घुस काही लांब नाही. या, तिच्यासमोर बसा, आणि तुम्हीच सांगा तिला, कुठे आहे.