बारा फॅटची नोंद आणि अडकलेला सर्व्हर

इथले भुताखेतांचे अनुभव मी नियमाने वाचतो, पण घाबरायला नाही... जेवताना तोंडी लावायला. चकवा, हडळ, चिंचेखालची बाई... प्रत्येक वेळी मनात एकच प्रश्न यायचा – "त्या वेळी लाइट होती का?" पेशाच तसा आहे. मी कॉम्प्युटरवाला. काही बिघडलं की आधी प्लग बघायचा, मग वायर, मग ती वायर ओढणारा माणूस. या क्रमात भुताचा नंबर कधी आलाच नाही. त्यामुळे आज मी इथे लिहायला बसलोय याचं सगळ्यात जास्त नवल मलाच वाटतंय.

आम्ही श्रीरामपूरचे. जिल्हा नगर – आता अहिल्यानगर म्हणायचं, जिभेला अजून वळण नाही. पुण्यात बरीच वर्षं नोकरी केली. मग पाठ आणि साहेब दोन्ही एकदमच दुखायला लागले, म्हणून गावी परतलो आणि इथल्या एका दूध संघाला प्रोग्राम लिहून दिला. गावोगावची दूध संकलन केंद्रं – सगळे त्यांना डेअरीच म्हणतात – रोज सकाळ-संध्याकाळ या प्रोग्रामला जोडली जातात. शेतकरी कॅन घेऊन येतो, काट्यावर दूध मोजलं जातं, मशीन फॅट, म्हणजे दुधातल्या स्निग्धांशाचं प्रमाण काढतं, प्रोग्राम दर लावतो, पावती निघते. हा सगळा कारभार ज्या सर्व्हरवर चालतो तो माझ्या घरी, स्वयंपाकघरातल्या दुभत्याच्या कपाटात आहे. हसू नका. जाळीचं कपाट आहे, हवा खेळती राहते, आणि मांजर आत जात नाही. ही जागा सुनंदानेच शोधून दिलेली.

सुनंदा म्हणजे माझी बायको. दोन उन्हाळ्यांपूर्वी ती गेली. आजार फार लांबला नाही, एवढंच लिहितो.

तर यंदाच्या एप्रिलमधली सकाळ. कलेक्शन भरात होतं. मी पुढच्या खोलीत लॅपटॉप उघडून, स्वतः केलेला चहा पीत बसलो होतो. चहा कसा झाला होता हे विचारू नका, तो अनुभव वेगळ्या सदरात टाकावा लागेल. तेवढ्यात फोन आला. भाऊसाहेब, सुनंदाचा धाकटा भाऊ. कोल्हारची डेअरी तोच चालवतो.

"दाजी, मशीन गपगार बसलंय."

"बंद करून चालू कर."

"केलं. चारदा केलं. आता अंगारा लावू का?"

"नेट आहे का?"

"नेट झकास हाय. लायनीतले समदे मोबाईलच बघत उभे हायेत."

फोन ठेवतो न ठेवतो तोच दुसऱ्या डेअरीचा फोन, मग तिसऱ्या. सगळीकडे एकच रड – फिरतंय, फिरतंय, पुढे जात नाही. आता, माझा प्रोग्राम अडकणं ही काही अमानवीय घटना नव्हे. तो मी लिहिलाय. त्यामुळे मी शांतपणे सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला. केंद्रं जोडली गेली, थोड्या पावत्या निघाल्या, आणि परत सगळं ठप्प. पुन्हा केलं. पुन्हा तसंच.

भाऊसाहेबाला म्हटलं, "तोवर वहीत लिहून घे रे."

"लिहितो की. पन फॅट कुठून आनू? मशीन तुमीच बांधून ठिवलंय ना प्रोग्रामला?"

खरं होतं. ती माझीच हुशारी. फॅट निघाल्याशिवाय दूध कूलरमध्ये ओतता येत नाही, कारण एकदा ओतलं की कुणाचं कुठलं हे सांगायला कोण जाणार? आणि बाहेर ऊन चढत होतं. इतक्या गावांतलं दूध कॅनमध्ये तापत उभं, आणि त्या उन्हात ते फार वेळ टिकणार नव्हतं.

इथे थोडं समजावून सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. प्रोग्राम प्रत्येक केंद्रासाठी एक वेगळं काम चालू ठेवतो. आम्ही त्याला टास्क म्हणतो. अशी पुष्कळ टास्क एकाच वेळी चालू असतात. पण दरपत्रक सगळ्यांना मिळून एकच. ते एका वेळी एकानेच हाताळायचं, बाकीच्यांनी तोवर थांबायचं. डेअरीत फॅटचं मशीन एकच असतं आणि मागे लाइन असते, तसंच. आता मशीनपाशी उभी असलेली बाई जर पावती न घेता तशीच उभी राहिली, तर मागची सगळी लाइन खोळंबते. तिच्या मागच्यांचा काहीच दोष नसतो.

म्हणजे मला फक्त एवढंच शोधायचं होतं की मशीनपाशी कोण उभं आहे. त्यासाठी एक कमांड असते. ती दिली की प्रत्येक टास्क आपण कुणाचं, काय हातात घेऊन कुठे थांबलोय ते सांगतं. दिली. स्क्रीनवर ओळीमागून ओळ... बेलापूर, दरपत्रकासाठी थांबलंय. राहाता, दरपत्रकासाठी थांबलंय. कोल्हार, दरपत्रकासाठी थांबलंय. सगळी बिचारी शहाण्यासारखी उभी. आणि तळाशी एकच टास्क, ज्याच्या हातात दरपत्रक होतं.

वापरणारा – सुनंदा. खातेदार – चंद्री. फॅट – बारा. स्थिती – शेवटच्या होकारासाठी थांबलंय.

मी चष्मा काढून पुसला. पुसून लावला. तेच.

चंद्री ही माणूस नाही. ती सुनंदाच्या माहेरची म्हैस, कधीच गेलेली. प्रोग्रामात मी काही नवीन केलं की तो संघाला द्यायच्या आधी सुनंदा तपासायची, स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून, तिच्या जुन्या लॅपटॉपवर. दूधदुभत्याच्या घरातली होती, तिला माझ्या चुका वासावरून कळायच्या. आणि दरवेळी ती एकच नोंद करायची. चंद्रीचं दूध, बारा फॅट.

"अगं, बारा फॅटचं दूध नसतं कुठल्या म्हशीचं. प्रोग्राम घेणार नाही."

"तुम्ही आमच्या चंद्रीचं प्यायलाय का?"

"नाही."

"मग प्रोग्रामला काय कळतंय, आणि तुम्हाला तरी काय कळतंय?"

आणि तो शेवटचा होकार... अगदी सुरुवातीला एकदा तिने शेवटचं बटण दाबलं आणि सगळं दरपत्रक पुसलं गेलं. चूक माझीच होती, पण तिने धसका घेतला. तेव्हापासून सगळं भरून झालं की ती थांबायची आणि तिथूनच हाक मारायची, "अहो, दाबू का?" मी "दाब" म्हटल्याशिवाय बोट खाली यायचं नाही. एकदा मी दाढी केली, शेजाऱ्यांशी राजकारणावर भांडलो, पेपर वाचून आत आलो, तर ही तशीच बसलेली. बटणाच्या वर बोट धरून. पुढे पुढे तर ऐकू आलं तरी मी मुद्दाम गप्प बसायचो. कारण दुसरी हाक वेगळी असायची. "अहोऽ... ऐकताय ना?" लग्नाला इतकी वर्षं झालेल्या माणसाने असला नाद सांगू नये, पण त्या हाकेसाठी मी गप्प बसायचो.

आता माझ्यातल्या कॉम्प्युटरवाल्याने काय केलं तेही सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल म्हातारा भावुक झाला. सुनंदाच्या नावाचं खातं प्रोग्राममधून मी माझ्या हाताने काढून टाकलेलं आहे. तपासलं – नव्हतंच. तिचा लॅपटॉप माळ्यावर आहे. शिडी लावून उतरवला, बॅटरी फुगून झाकण बसेना झालेलं, चालू होणं शक्यच नाही. कुणी बाहेरून चेष्टा करतंय का, म्हणून ते टास्क कुठून जोडलं गेलंय ते पाहिलं. घरातल्याच नेटच्या पत्त्यावरून. आणि घरात सर्व्हर आणि माझा लॅपटॉप सोडून दुसरं काहीही त्याला जोडलेलं नव्हतं.

एवढं एक टास्क मारून टाकायचं, की सगळी लाइन मोकळी. त्याची कमांड असते, अगदी छोटी. ती मी लिहिलीसुद्धा. एन्टर तेवढं दाबायचं होतं... आणि बोट वरच राहिलं.

मी मान वळवून स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत बसलो. दार अर्धवट उघडं होतं. टेबलाचा कोपरा दिसत होता, खुर्ची इथून दिसत नाही.

फोन वाजला.

"दाजी, बाया मला शिव्या द्यायला लागल्यात. ऊन पार कॅनवर आलं. काय करायचं ते करा, पन करा."

"थांब रे जरा."

"किती थांबू?"

मी नाक ओढलं.

"दाजी?... रडताय का तुमी?"

"छे, कांदा चिरतोय."

"एवढ्या सकाळी?" मागे कॅनांचा, बायांचा गलबला चालूच होता. मग आवाज खाली आणून म्हणाला, "कशापायी आडलंय, दाजी?"

मी सांगून टाकलं. आक्काचं नाव दिसतंय म्हणालो. चंद्री, बारा फॅट, सगळं. मला वाटलं हा आता म्हणणार, दाजी, डॉक्टरकडं जाऊन या. पण भाऊसाहेब म्हणाला,

"मंग सांगा की तिला. दूध नासतंय म्हनावं. दुधाचं नाव काढल्यावर ती न्हाई थांबायची."

जणू आक्का शेजारच्या घरी हळदीकुंकवाला गेलीये आणि तिला नुसता निरोप द्यायचाय!

फोन चालूच ठेवून मी तो टेबलावर ठेवला. आणि खरं सांगतो, तरीसुद्धा थोडा वेळ मी काहीच बोललो नाही. माझा या गोष्टींवर विश्वास नाही. पण मी कान देऊन बसलो होतो. इतकी गावं खोळंबलेली, दूध तापतंय, आणि मी मुद्दाम गप्प... एकदा, एकदाच "अहोऽ, ऐकताय ना?" ऐकू येईल म्हणून. पंखा फिरत होता. बाहेर भंगारवाला ओरडत गेला. दुसरं काही नाही.

मग मी स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणालो, "दाब."

मग दाराकडे वाकून पुन्हा मोठ्याने म्हणालो, "दाब गं. दूध नासतंय."

की-बोर्डला माझा हात लागला नव्हता. मी लिहिलेली ती मारायची कमांड अजून तशीच होती, एन्टरची वाट बघत. आणि स्क्रीनवरची ती तळाची ओळ गेली. तिच्या वरची एकेक करून सगळी हलली, भराभर, शाळा सुटल्यासारखी. फोनमधून पावतीच्या मशीनची चरचर आणि भाऊसाहेबाची आरोळी, "निघाली! ओ मावशी, या फुडं, निघाली पावती!"

मग तो फोनजवळ आला. हळूच विचारलं, "गेली का आक्का?"

"गेली."

"बरं," म्हणाला. मग, "दूध वाचलं बगा समदं." आणि घाईघाईने फोन ठेवला. तो तिकडे काय चिरत होता कोण जाणे.

नंतर मी डेटाबेस उपसला. चंद्रीची नोंद कुठेच नाही. अर्थात, बारा फॅट माझा प्रोग्राम घेतच नाही. लॉगमध्ये, म्हणजे प्रोग्रामच्या रोजनिशीत, तेवढा वेळ कोरा. पुण्यातल्या एका जुन्या सहकाऱ्याला नावगाव न सांगता विचारलं. तो म्हणाला, जुना टेस्टचा डेटा मेमरीत कुठेतरी राहिला असेल. असेल. पण सर्व्हर बंद करून दोनदा चालू केल्यावर मेमरीत काय राहतं, हे त्याला सांगता आलं नाही. माझ्या तोंडी शब्दाने ते कसं सुटलं, हे मी त्याला विचारलंच नाही. मलाही आजपर्यंत काही समजलेलं नाही. तुमच्यापैकी कुणाला पटेल असं कारण सापडलं तर जरूर सांगा... घाई मात्र करू नका.

संघाचे साहेब म्हणाले, असं पुन्हा होता कामा नये, अमुक वेळेत होकार आला नाही तर टास्क आपोआप मरेल अशी सोय करा. रीत तीच आहे, आणि एका ओळीचं काम आहे. मी प्रोग्राम दुरुस्त केला, पण वेगळ्या तऱ्हेने. आता होकारासाठी जो थांबेल त्याने दरपत्रक आधी खाली ठेवायचं. त्यामुळे मागच्यांची लाइन चालू राहते, कुणाचं दूध अडकत नाही. साहेब खूश आहेत.

ज्याला थांबायचंय त्याने मात्र हवं तितकं थांबावं. तिथे मी मुदत घातलेली नाही.

रोज सकाळी कलेक्शन सुरू झालं की मी ती यादी उघडून बसतो. बेलापूर येतं, राहाता येतं, कोल्हार येतं. आपापली पावती घेऊन जातात. शेवटचं टास्क जाईपर्यंत मी बघतो. कुणी थांबलेलं नसतं.