जूनबाई

लहान मूल दिसलं की बाई आधी त्याचा हात हातात घ्यायच्या, मग त्याच्या आईकडे बघून विचारायच्या, "मग हा पाचवीला कधी येतोय? या जूनला की पुढच्या?" मूल कडेवर असलं तरी प्रश्न हाच. बाजारात, दवाखान्यात, रविवारी मिस्सा संपल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर, एवढंच काय, मयताला गेल्या तरी निघताना त्या एखाद्या नातवंडाचा हात धरून उभ्या दिसायच्या. आम्ही मुलं त्यांना जूनबाई म्हणायचो. त्यांना ते माहीत होतं. "म्हणा," त्या म्हणायच्या, "शाळा जूनलाच भरते."

वसईच्या पश्चिमेला, केळीच्या वाड्यांच्या कडेला आमची पाचवीपासूनची शाळा होती. गावातल्या लोकांनी ती केळी साठवायच्या पडवीत सुरू केली, तेव्हा वर झावळ्यांचं छप्पर होतं आणि बाई तिथे पाचवीत बसायच्या. पुढे शिकून त्या तिथेच शिक्षिका झाल्या. मी शाळेत गेले ते नव्वदच्या दशकात. तोवर पडवी जाऊन इमारत आली होती, आणि स्टेशनच्या बाजूला आमच्यासारख्यांच्या फ्लॅटच्या बिल्डिंगा उभ्या राहिल्या होत्या. या फ्लॅटवाल्यांना इंग्रजी हवं होतं. म्हणून शाळेने वरच्या मजल्यावर इंग्रजी माध्यम काढलं. खाली मराठी, वर इंग्रजी. प्रार्थना एक, मैदान एक, गणवेशही एकच. फक्त आम्हा वरच्यांना टाय होता.

बाई खालच्या पाचवीच्या वर्गशिक्षिका, पण आमचा मराठीचा तास घ्यायला वर यायच्या. मी वर्गात तोंड उघडत नसे. बाकीचे शिक्षक प्रश्न विचारून, थोडा वेळ थांबून, पुढच्या बाकाकडे वळायचे. बाई वळल्या नाहीत. "उत्तर द्यायचं नाही ना? नको देऊस. मग वाच. आवाज तर दिलाय ना तुला देवाने?" त्या दिवसापासून धडा मीच वाचायचा. मी दुसऱ्या ओळीलाच पुटपुटायला लागायचे. बाई शेवटच्या बाकामागे जाऊन उभ्या राहायच्या आणि तिथून ओरडायच्या, "मला नको ऐकवू. मागच्या वाडीत माणूस केळीला पाणी घालतोय, त्याला ऐकू जाऊ दे."

मे महिना हा बाईंचा खरा कामाचा महिना. आम्ही सुट्टीत आणि बाई उन्हात. पट कमी पडला की तुकडी बंद होते, आणि तुकडी बंद झाली की तिच्यावरच्या शिक्षकाला अतिरिक्त ठरवून, जिथे जागा असेल तिथे पाठवतात. त्यामुळे मराठी शाळांचे शिक्षक मे महिन्यात मुलं शोधत दारोदार फिरायचे. बाई सांडोरपासून वटारपर्यंत फिरायच्या. साडीखाली कॅनव्हासचे बूट, डोक्यावर काळी छत्री. त्याच दारांवर दुसऱ्या शाळांचे शिक्षकही यायचे. कोणी दप्तर कबूल करायचं, कोणी दप्तर आणि रेनकोट. बाई एकदा आमच्यासमोर म्हणाल्या, "भाजी घेऊन बसल्यासारखं वाटतं. पण भाजीवालीला गिऱ्हाईक निदान तोंडावर नको म्हणतं. आम्हाला सगळे बघू म्हणतात."

आमच्याकडेही त्या आल्या. माझा भाऊ तेव्हा दुसऱ्या एका शाळेत चौथी संपवून बसला होता. आईने कोकम सरबत केलं, पंखा मोठा केला.

"तुमच्या मुलीचं वाचन ऐकलंत का कधी?" बाईंनी विचारलं.

"ती? घरात तर बोलत नाही."

"बोलत नाही, वाचते. मुलगा माझ्याकडे द्या. इंग्रजीही पक्कं करून घेईन, शब्द देते."

"बघू ना बाई. ह्यांच्याशी बोलते."

बाई जिना उतरल्या असतील नसतील तोच आई म्हणाली, "इतकं कर्ज काढून इथे आलो ते पोराला खालच्या मजल्यावर बसवायला?" दार उघडंच होतं. बाईंची छत्री कोपऱ्यात राहिली होती. ती घेऊन मी धावले, तर बाई जिन्याच्या पहिल्या वळणावरच उभ्या होत्या, छत्रीसाठी परत फिरलेल्या. छत्री घेतली आणि म्हणाल्या, "आईला सांग, सरबत छान झालं होतं." मला आईचा राग आला, बाईंचाही आला. त्यांनी एकदा तरी चिडून बोलावं, असं मला वाटायचं.

लोकांना चिडवायला मात्र एक गोष्ट हाताशी होती. बाईंची सख्खी नात आमच्या मजल्यावर होती, माझ्या मागच्या वर्गात. वाडीतल्या बायका अंगणातूनच विचारायच्या, "बाई, आमची पोरं मागता, तुमची नात कुठे हो?" बाई काहीही लपवायच्या नाहीत. "वरच्या मजल्यावर," म्हणायच्या आणि अंगणात उभ्याच राहायच्या. त्यांच्या मुलाने त्यांना सरळ सांगितलं होतं, "आई, तुझी तुकडी वाचवायला माझी मुलगी देणार नाही." हे नातीनेच मला मधल्या सुट्टीत सांगितलं, सहज, जसं घरी काल मासे होते हे सांगावं तसं.

मी सातवीत असताना शिक्षणखात्याची पटतपासणी झाली. खालच्या पाचवीत त्या वर्षी मुलं थोडी कमी पडत होती, फार नाही, पण कमीच. साहेब येणार त्या सकाळी शिपाईकाका वर आले. "सरांनी सांगितलंय, जी बारकी पोरं घरी मराठी बोलतात ती खाली चला. टाय काढून." आम्ही काहीजण उठलो. अंगाने लहान म्हणून मीही त्यात होते. टाय गुंडाळून स्कर्टच्या खिशात कोंबला. आम्हाला गंमत वाटत होती. मला जरा जास्तच, कारण पूर्ण दिवस बाईंच्या वर्गात बसायची मला फार इच्छा होती.

आम्ही रिकाम्या बाकांवर बसलो. बाई हजेरी घेऊन वळल्या आणि त्यांनी आम्हाला पाहिलं. थेट माझ्याकडे आल्या.

"टाय कुठाय तुझा?"

"खिशात."

"काढ. घाल गळ्यात."

तेवढ्यात मुख्याध्यापक दारात आले. बाईंपेक्षा वयाने लहान, पण माणूस भला. हळू आवाजात म्हणाले, "बाई, एक तासाचा प्रश्न आहे. बसू द्या त्यांना. तुकडी वाचेल. तुम्ही वाचाल."

"सर, ही बसवायची होती तर मी मे महिनाभर उन्हात कशाला मेले? घरी झोपले नसते?"

"सगळ्या शाळा हेच करतात."

"करू दे. ही माझी पोरं दारं वाजवून आणलीयत मी. त्यांच्यादेखत त्यांच्या शेजारी खोटी पोरं बसवू? उद्या त्यांना काय शिकवू?" मग आमच्याकडे बघून म्हणाल्या, "चला, वर. आणि जिन्यात आवाज नको."

आम्ही वर गेलो. साहेब आले, खाली बसलेली मुलं मोजून गेले. पुढच्या जूनला पाचवीची तुकडी निघाली नाही.

निरोप समारंभ वगैरे झाला नाही, कारण बाई निवृत्त होत नव्हत्या. त्यांना हायवेच्या पलीकडे, कामणच्या बाजूच्या एका शाळेत जायचं होतं. जन्म गेला त्या शाळेतून त्या एका साध्या शनिवारी, प्रार्थना संपल्यावर गेल्या. मी गेटपाशी थांबले होते. बाईंनी माझा टाय सरळ केला. "वाचत राहा," म्हणाल्या. "वरच्यांना ऐकू येईल असं नको. वाडीपर्यंत."

यात कोणावर रागवावं ते मला आजही ठरवता येत नाही. आईचं चुकलं म्हणावं तर तिला भावाच्या पुढच्या नोकरीची काळजी होती. बाईंच्या मुलालाही तीच. मुख्याध्यापक तर वाचवायलाच निघाले होते. मग राग फिरून बाईंवर येतो. एक तास, बाई. आम्ही काही चोरी करत नव्हतो. आम्ही नुसते बसलो असतो, मी तर मनापासून बसले असते. तुकडी पुढच्या वर्षी पडलीच असती, हे मला कळतं. पण एक वर्ष मिळालं असतं. मी यावरून मनात इतक्यांदा त्यांच्याशी भांडले आहे, आणि दर वेळी त्या मला टाय घालायला सांगतात.

मागच्या वर्षी मी मामेबहिणीच्या मुलाला घेऊन वसईच्या बाजारात गेले होते. शाळेच्या खालच्या मजल्यावर आता संगणकाची खोली आहे, पाचवीचे बाक कुठे गेले कोणी सांगू शकत नाही. वाडीवाल्या बायका भाजी घेऊन बसतात तिथे बाई दिसल्या. पाठीत वाकलेल्या, पायात तेच कॅनव्हासचे बूट. मला ओळखलं. "अजून पुटपुटतेस की बोलतेस?"

"बोलते बाई. थोडं."

मग त्यांनी मुलाचा हात हातात घेतला आणि माझ्याकडे बघितलं. मला कळलं, आता प्रश्न येणार. त्याला इंग्रजी शाळेतच घालायचं ठरलं होतं; हे उत्तर त्यांना आवडलं नसतं. तरीही तो प्रश्न यावा, त्यांनी विचारावं, असं मला इतकं वाटलं की मी त्याला त्यांच्याकडे जरा पुढे केलं.

बाई त्या चिमुकल्या हाताकडे बघत राहिल्या. मग तो हळूच सोडला, आपली पिशवी उचलली आणि म्हणाल्या, "ऊन फार आहे. घरी ने त्याला."