सगळ्यात आधी परतणारी प्रोसेस

बारामतीतल्या एका पाणीवाटप संस्थेत कालव्याच्या पाण्याची पाळी शेतकऱ्यांना मेसेजनं कळवायचं काम माझ्याकडं आहे. गावं बरीच, म्हणून मी एक स्क्रिप्ट लिहिली. ती प्रत्येक गावासाठी एक वेगळी चाइल्ड प्रोसेस, म्हणजे तेवढ्या गावाचे मेसेज पाठवणारा छोटा प्रोग्राम, सुरू करायची, सगळ्या परत येईपर्यंत थांबायची आणि पडद्यावर हिरव्या अक्षरांत ‘सर्व पूर्ण’ असं दाखवायची. मी स्वतःवर भलताच खूश होतो. सांगवीच्या प्रोसेसला चार मिनिटं लागायची, अंथुर्ण्याची मात्र गेली तशी परत यायची. अंथुर्णे माझ्या आत्याचं गाव, त्यामुळं ऑफिसात त्याचीही फुशारकी मारून झाली.

एका सोमवारी दुपारी आत्याचा फोन आला.

“माझ्या पाण्याची पाळी कवा हाय रं? मका वाळाय लागलीय.”

तिच्या दोन म्हशींचा चारा तेवढाच. मी पाळ्यांची यादी उघडली. तिची पाळी शनिवारीच होऊन गेली होती. पाळीला माणूस चारीवर, म्हणजे शेताकडं येणाऱ्या पाटावर, हजर नसला तर पाणी पुढच्या शेताला जातं, आणि मग थेट पुढचं आवर्तन, कालव्याला पुन्हा पाणी सुटेल तेव्हा.

“मेसेज आला नाही?”

“न्हाय. दोन दिस फोन हातातनं खाली ठिवला न्हाय.”

मी लॉग, म्हणजे स्क्रिप्टनं काय काय केलं त्याची नोंद, काढून वाचला. अंथुर्ण्याच्या फोन नंबरांची यादी मीच मागं दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवली होती. ती सापडत नव्हती म्हणून प्रोसेस सुरू होताच मरत होती. मरताना काम फसल्याचा कोड देऊन जात होती, तो मी कधी वाचलाच नाही. परत आली म्हणजे काम करूनच आली, असं मी गाढवासारखं धरून चाललो होतो. तिनं एकही मेसेज पाठवला नव्हता. लॉगमधली ती ओळ मी चार-पाचदा वाचली, तरी विश्वास बसेना.

तो कोड तपासायला स्क्रिप्टमध्ये दोन ओळी पुरल्या. मग अंथुर्ण्यातल्या बाकीच्यांना फोन लावत गेलो. सगळ्यांना पाणी मिळालं होतं.

“मेसेज कोण बघतंय, राव?” एकजण म्हणाला. “आमी चावडीवरचा पाळ्यांचा फळा बघून येतो.”

मी चक्रावलोच. आत्याला पुन्हा फोन केला. फळा बघायला का गेली नाहीस, असं जरा चिडूनच विचारलं.

“तूच म्हणला व्हतास न्हवं,” ती म्हणाली, “गुडघं दुखत्यात तर चावडीपतूर चालत जाऊ नगं, मी कळवतो म्हणून.”